अहवालातली प्रार्थना

माझी धाकटी मावशी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा हात इतका हलका की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळायचं नाही. लहान मुलांच्या आया तिची ड्यूटी विचारून यायच्या. सव्विसाव्या वर्षी तिनं घरात सांगितलं, "मला मिशनरी व्हायचंय. परदेशातल्या प्रशिक्षण शाळेनं मला घेतलंय."

आजोबा आमच्या चर्चच्या मंडळीचे चिटणीस. त्यांचा आनंद पोटात मावेना. "हिला कोण नाही म्हणणार?" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "ही सुई टोचते आणि वर लोक हिलाच थँक्यू म्हणतात!" आजी मात्र तिच्या स्वेटरांच्या घड्या घालत बसली.

तिथं काय घडलं ते मावशीनं मला फार वर्षांनी सांगितलं, मी स्वतः बाहेर शिकायला निघाले तेव्हा. आमच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

शाळा म्हणजे एक जुनी तीन मजली इमारत. खोलीत दोन लोखंडी पलंग, एक कपाट, आणि रंगानं चिकटून बसलेली, कधीच न उघडणारी खिडकी. सकाळी शास्त्राचे नि भाषेचे वर्ग, दुपारी भांडी आणि धुणं, त्यानंतर लोकांच्या भेटीगाठी. दर शनिवारी एक छापील कागद भरून द्यायचा. किती जणांना भेटलात, किती जणांना येशूची सुवार्ता सांगितलीत, किती जणांनी तुमच्याबरोबर प्रार्थना केली.

मावशी घरी एरवी बोलण्यात कुणाला हार जायची नाही. तिथं मात्र परक्या भाषेत ती मनात वाक्य जुळवेपर्यंत बोलण्याचा विषयच बदललेला असायचा. तिच्या खोलीतली मैत्रीण बडबडी. तिच्या शेवटच्या रकान्यात कधी सात, कधी नऊ. मावशीच्या रकान्यात शून्य.

तिला वृद्धाश्रमाचा दुसरा मजला दिला होता. कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारा होता, चाळीस वर्षं बस चालवलेला. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे. मावशी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "देव विकायला आली असशील तर शेजारी जा. तो सगळं विकत घेतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो."

मावशीला हसू आलं. मग तिचं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. वाढून वाकडी झाली होती. तिनं नेलकटर मागून आणला आणि त्याच्या समोर बसली. तेव्हापासून दर बुधवारी ती जायला लागली. तो तिचे उच्चार सुधारायचा, ती त्याची नखं कापायची, पायांना तेल लावायची.

एकदा त्यानं बायकोचं सांगितलं. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा चर्चचे पाळक रोज उशाशी बसून म्हणायचे, तू बरी होशील. ती गेली. "त्या दिवसापासून मी डोळे मिटून कुणाकडे काही मागितलं नाही," तो म्हणाला. "तू ये, बस. पण ते माझ्यासमोर नको."

"नाही काढणार विषय," मावशीनं शब्द दिला.

पाचव्या महिन्यात शाळेच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं. आवाज मऊ होता. "सगळे शनिवार शून्य. हे काम प्रत्येकाला जमतंच असं नाही. लवकर घरी जाण्यात लाज नाही गं."

घरी आजोबांनी तर गावभर सांगून ठेवलेलं. त्या शनिवारी तिनं शेवटच्या रकान्यात एक लिहिलं. खाली चार ओळी लिहिल्या: ड्रायव्हरनं माझा हात धरला, डोळे मिटले, प्रार्थना केली, रडला. त्यातलं डोळे मिटणं तेवढं खरं होतं. नखं कापताना त्याचा डोळा लागायचा.

बाईंनी तो अहवाल सगळ्यांसमोर वाचला. टाळ्या पडल्या. शाळेच्या मासिकात तो छापून आला. मग बाई दोन पाहुण्यांना घेऊन म्हाताऱ्याला भेटायला निघाल्या, आणि मावशीला बरोबर जावं लागलं.

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. "तुम्ही आमच्या मुलीबरोबर प्रार्थना केलीत. आम्हाला फार आनंद झाला."

त्यानं मावशीकडे पाहिलं. मावशीची नजर खाली.

"हो, केली," तो म्हणाला. "चांगली मुलगी आहे."

"मग आताही करू या?" बाईंनी विचारलं. त्यानं डोळे मिटले आणि ती लांबलचक प्रार्थना संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

"बायको गेल्यापासून जे त्यानं केलं नव्हतं, ते माझं खोटं झाकायला केलं," मावशी मला म्हणाली. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली होती.

पुढच्या बुधवारी नर्सनं दारातच अडवलं. "त्यांना कुणी भेटायला नकोय." चार बुधवार तेच. पाचव्या बुधवारी गादी भिंतीला टेकवून उभी केलेली होती. सोमवारी सकाळी गेला, नर्स म्हणाली. "शेवटी त्यांची नखं कुणी कापली?" मावशीनं विचारलं. नर्सला प्रश्नच कळला नाही.

ती तशीच बाईंकडे गेली आणि सगळं कबूल केलं. बाई म्हणाल्या, "तुला पश्चात्ताप झाला ना, मग झालं. अंक तर वाटून झालाय. आता लोकांचा विश्वास कशाला मोडायचा?"

आठवड्याच्या आत मावशी घरी परत आली. तो अंक तिच्या आधीच पोचला होता; आजोबांनी तो उपासनेत वाचून दाखवला होता. आता तिनं मंडळीसमोर उभं राहून हा अनुभव सांगावा, साक्ष द्यावी, असा त्यांचा आग्रह. तेव्हा तिनं त्यांना खरं सांगितलं.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे मंडळीत बोलू नकोस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी."

तिनं त्यांचं ऐकलं. हवा मानवली नाही, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. ती पुन्हा लॅबमध्ये लागली. रविवारी मागच्या बाकावर बसायची, आणि पाळकांनी मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितलं की मान हलवून नाही म्हणायची.

आजोबा गेल्यावर दोन महिन्यांनी ती उपासनेत उभी राहिली. तेव्हा मी सुट्टीला आले होते, तिच्या शेजारीच होते. तिनं म्हाताऱ्याचं, अहवालाचं, सगळं सांगितलं. मध्ये कुठं थांबली नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. निम्म्यांना ती गोष्टच आठवत नव्हती.

बाहेर पडताना एक ओळखीच्या काकू जवळ आल्या. "अगं, किती जुनं! आता कशाला उकरून काढलंस? वडिलांचं नाव तरी राखायचंस."

आम्ही चालत घरी आलो. तिनं दुसऱ्या दिवशीसाठी लॅबचा पांढरा कोट इस्त्रीला घेतला आणि बाह्या पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, सुरकुती नसतानासुद्धा.