गणपाची कुस्ती निकाली व्हायची आहे

सोमवार, दहा फेब्रुवारी. स्थळ : सांगलीतला दवाखाना, मेंदूच्या डॉक्टरांची केबिन. हजर : डॉक्टर, माझे मिस्टर सर्जेराव, साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली आमची लेक स्वाती आणि मी. गैरहजर : ह्यांचे शब्द.

मी बचत गटाची सचिव आहे. काहीही घडलं की आधी हजेरी लिहायची, ही हाताला लागलेली सवय.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली. "इस्केमिक स्ट्रोक," ते म्हणाले. म्हणजे मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं बंद होणं. "वेळेत आणलंत. हात-पाय सुधारतील. पण अफेजिया आहे." ह्यांच्या प्रकारच्या अफेजियात माणसाला समजतं सगळं, फक्त हवा तो शब्द हाती लागत नाही. भलताच लागतो, नाहीतर कुठलाच नाही.

"माइकवर कधी बोलतील?" मी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळेना. स्वातीनं सांगितलं, "बाबा कुस्तीचे निवेदक आहेत."

कुंडलपासून माणपर्यंत कुठंही मैदान असलं की माइक ह्यांच्या हातात. पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आजा कुणाला चितपट करून गेला, सगळं तोंडपाठ. हातात कागद कधीच नाही. एखाद्याचं नाव चुकलं तर त्याला आखाड्यात उतरण्याआधीच पाडल्यासारखं होतं, असं हे म्हणत.

"पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त होते," डॉक्टर म्हणाले. "नंतरही होते. पण माइकचं मी आज सांगू शकत नाही."

तुमच्या घरी असं कधी झालं तर म्हणून लिहिते. शुक्रवारी सकाळी ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला ओघळलं. "कप पडला" म्हणायच्या जागी हे म्हणाले, "बैल पडला." धाकट्या दिरांना वाटलं, दादा चेष्टा करतोय. मी मात्र गाडी काढायला लावली. तुम्हीही तेच करा. पित्त झालंय, दृष्ट लागलीय, जरा पडू द्या, यात वेळ घालवू नका. पहिल्या काही तासांतच औषधाचा खरा उपयोग होतो.

घरी आल्यावर मी यादी केली : गोळ्या, मालिश, चालणं, मीठ कमी, स्पीच थेरपी. शेवटचं म्हणजे बोलण्याचा व्यायाम. थेरपिस्ट ऋजुता मॅडम आमच्या स्वातीएवढ्याच. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. कार्ड दाखवायचं, ह्यांनी नाव सांगायचं.

चालणं सुधारलं, हाताची मूठ वळू लागली. कार्डांचं मात्र काही खरं नव्हतं. कात्रीला हे "पाऊस" म्हणायचे, चूक झालेली त्यांनाच कळायची आणि चेहरा पडायचा. भेटायला येणारे पाहुणे तर परीक्षाच घ्यायचे. "आण्णा, मला वळखलं का? नाव सांगा बघू!" आणि तेही ओरडून, जणू ह्यांचे कान गेलेत. हजारो माणसांपुढं बोललेल्या माणसानं शेवटी तोंड उघडणंच सोडलं. विचारलं की मान हलवायचे. मॅडम म्हणाल्या, "काकू, चुकणं चालेल. गप्प बसणं चालणार नाही."

एका दुपारी मी छत्रीचं कार्ड धरलं. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "गणपा."

म्हणाले आणि डाव्या हातानं खाटेवर बुक्की मारली. मीही दमले होते. पुढचं कार्ड काढायचं सोडून मी विचारलं, "कोण हो हा गणपा?"

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "पैलवान."

"कुठला?"

"कुठलाच न्हाई."

आजारपणानंतरचा हा पहिला सरळ जबाब. आणि तो देताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी विसरणार नाही. गणपा कुठलाच नव्हता, म्हणजे त्याचं गाव चुकणार नव्हतं. वस्ताद चुकणार नव्हता. आजा चुकणार नव्हता. त्याच्याबद्दल जे बोलू ते बरोबर!

मी किल्लीचं कार्ड दाखवलं. "म्हस," हे म्हणाले.

"गणपाची म्हैस?"

"व्हय." थोडा दम घेऊन, "लय मारकी."

दोघंही इतके हसलो की दीर बाहेरून बघायला आले.

ऋजुता मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाळीच वाजवली. "गोष्टीत चुकीचा शब्द नसतो, काकू. आला तो शब्द गोष्टीत बसवायचा. कार्डंही चालू ठेवा हं." तसं वेळापत्रक ठरलं. सकाळी कार्डं, दुपारी गणपा. हे तुकडे सांगायचे, मी जोडून लिहायची आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायची.

आमच्या घरात छापील म्हणजे साखर कारखान्याचा अहवाल आणि पंचांग. गोष्ट लिहायची कशी, हे मला कुठलं ठाऊक? गणपाची पहिली कुस्ती मी मनानंच लिहिली. वाचलं, "गणपानं त्याला पाठीवर घेतला, वरून आपटला आणि अशा रीतीनं घिस्सा मारला."

हे खुर्चीत ताठ बसले. "ते… धोबीपछाड! घिस्सा खाली… खाली बसवून. मागनं. कुणी शिकवलं गं तुला?"

कार्डांवर कधी न आलेलं एवढं लांब बोलणं माझ्या अज्ञानानं बाहेर काढलं. त्यानंतर डावांच्या काही चुका मी मुद्दाम केल्या. सगळ्या मुद्दाम नव्हत्या.

मग मी गावच्या वाचनालयातून कथांची पुस्तकं आणू लागले, इतर लोक गोष्टी कशा संपवतात ते बघायला. एका कथेतली बाई भांडून माहेरी जाते आणि शेवटी आपणहून परत येते. ते ऐकून हे तापले. "परत का… का आली? त्यानं… न्यायला जायला पायजे हुतं!" जेवताना तेच, संध्याकाळी चालताना तेच. कारखान्याचा अहवाल वाचून कुणी असं भांडत नाही. जगात नसलेल्या एका बाईची बाजू घ्यायला हे शब्द शोधत होते, आणि शब्द सापडत होते. गोष्ट लिहिणं-वाचणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असं कुणी म्हणालं तर मी आता त्याला आमच्याकडं चहाला बोलावते.

दिवाळीनंतर गावचं मैदान आलं. माइकवर नवा निवेदक. ह्यांचे मित्र तानाजीराव म्हणाले, "आण्णा, नुस्तं येऊन बसा. तुमी असला म्हंजे मैदानाला शोभा." हे गेले. मीही शेजारी बसले.

मोठी कुस्ती लागायची वेळ झाली आणि कळलं, दोन्ही पैलवान उसाच्या ट्रॉल्यांमागं रस्त्यात अडकलेत. शिट्ट्या सुरू झाल्या. नव्या निवेदकाजवळ बोलण्यासारखं काही उरेना. तानाजीराव वाकून म्हणाले, "आण्णा, पाच मिन्टं वढा की."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "आवं, गणपा आहे ना."

हे उठले. माइक डाव्या हातात घेतला. "आता… मैदानात…" आणि थांबले. शिट्ट्या थांबल्या.

"…गणपा. म्हशीचं दूध पिऊन… आलाय. म्हस लय मारकी. गणपा… तिच्यापुढं गरीब."

मैदान हसलं. जिथं ह्यांचा शब्द अडायचा तिथं हलगीवाला ठेका धरायचा, शब्द सापडला की थांबायचा. लोकांना वाटलं, असंच ठरलंय. उभ्याउभ्या खडाखडी झाली, गणपा एकदा गुडघ्यावर आला, सुटला, मग त्यानं समोरच्याला खाली घेतलं आणि घिस्स्याला हात घातला.

शेजारचे म्हातारबा मला म्हणाले, "बघितलीया म्या ह्याची कुस्ती. इस्लामपुरात."

"आवं आजोबा, गणपा गोष्टीतला आहे."

"आसंल. पर म्या बघितलीया."

तेवढ्यात खरे पैलवान पोचले. ह्यांनी माइक दिला आणि खाली आले. घामाघूम. चेहरा मात्र नव्या नवरदेवासारखा.

आजची स्थिती अशी. खऱ्या पैलवानांची नावं अजून अडतात, म्हणून माइक नव्या निवेदकाकडंच आहे आणि हे त्याच्या शेजारी बसून कानात डाव सांगतात. दोन कुस्त्यांच्या मधली वेळ मात्र ह्यांची. डॉक्टरांचे, ऋजुता मॅडमचे आणि त्या हलगीवाल्याचे आभार मी स्वतः जाऊन मानले. परवा तपासणीला गेलो तर रक्तदाब बघता बघता डॉक्टरांनीच विचारलं, "गणपाचं पुढं काय झालं?"

आजच्या यादीतल्या गोळ्या आणल्या, मालिश झालं, पुस्तकं बदलून आणली. एक काम राहिलंय : गणपाची कुस्ती निकाली करणं. गणपाचा हात अजून घिस्स्यालाच आहे. वही उघडून मी मघाशी विचारलं, "करू का चितपट?"

हे म्हणाले, "थांब गं. दम खाऊ दे त्याला."