नसीम आपांची चौकशी

नसीम आपांनी मला पहिला प्रश्न विचारला तेव्हा माझ्या खांद्यावर गॅसचा सिलिंडर होता. बदली होऊन आम्ही मेहकरला त्यांच्या शेजारी नुकतेच राहायला आलो होतो, आमची मुलगी तेव्हा लहान होती. सिलिंडरवाल्यानं सिलिंडर फाटकाशी टेकवला, मी तो उचलून चार पावलं टाकली, तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "भाऊ, तारीख पाह्यली का?"

मला वाटलं, आज एकादशी-बिकादशी आहे की काय. मी म्हटलं, "कोणती तारीख?"

"सिलिंडरची हो! वर कड्याच्या पट्टीवर असते. ते पाहूनच घरात घ्यावं."

मी सिलिंडर खाली ठेवला, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पट्टीकडे पाहिलं. तपासणीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. आपांनी तिथूनच सिलिंडरवाल्याला अशी हाक मारली की तो वळणावरून माघारी आला आणि दुसरा सिलिंडर देऊन गेला. नंतर मला कळलं की त्या निम्मी हयात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तो आवाज तिथे कमावलेला होता.

आपा एकट्याच राहत. मुलगा नागपूरला. अंगात फिक्या रंगाचा सलवार-कुर्ता, डोक्यावर ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि तोंडात प्रश्न. दूधवाल्याला म्हशीची तब्येत विचारायच्या. औषधाच्या दुकानात गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर दुकानदारालाच वाचायला लावायच्या. भाजीवाली तर दुरूनच सांगून टाकायची, "आपा, नाल्याच्या पाण्याची नाही, हिरीच्या पाण्याची आहे, घ्या आता!" कोणी कंटाळलं की आपा हसून म्हणत, "इचाराले काय टॅक्स लागते बे?" आणि कोणी फारच लाजरंबुजरं भेटलं, म्हणजे माझ्यासारखं, तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "इचारणाऱ्याचं तोंड दुखते, न इचारणाऱ्याचं कपाळ."

मी मुळातच न विचारणाऱ्यांपैकी. पाटबंधारे खात्यात नोकरी केली. साहेबानं कागद पुढे सरकवला की सही कुठे करायची एवढंच विचारायचं, हे अंगवळणी पडलेलं. त्यात मुलीचा बाप. आमची वैशाली दुसरबीडला दिली. व्याही, आमच्याकडच्या बोलीत इवाई, भास्करराव, रस्त्याला लागूनच त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस सरळ, पण मानी. आपल्याकडे मुलीच्या बापानं व्याह्याला काय विचारावं आणि काय विचारू नये याचा काही कायदा नाही, तरी तो सगळ्यांना पाठ असतो. मी तर एक पाऊल पुढे होतो, काहीच विचारत नव्हतो.

वैशालीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं ठरलं. मेहकरहून बुलढाण्याला डॉक्टरला दाखवायला वरचेवर न्यावं लागणार होतं. माझ्याकडे एक म्हातारी मोटरसायकल. सुनंदा, माझी बायको, म्हणाली की आता एखादी जुनी का होईना गाडी घ्या. नेमके त्याच सुमाराला भास्करराव नवीन गाडी घेत होते, तर त्यांनीच निरोप पाठवला, "आपली जुनी इवायालेच देऊ. बाहेर कशाले जाता?" मला हरखून गेल्यासारखं झालं. डोहाळजेवणाला दुसरबीडला जायचं, येताना गाडी घेऊनच यायचं असं ठरून गेलं.

ही बातमी कुंपणापलीकडे जायला किती वेळ लागणार! संध्याकाळी आपा ओसरीवर येऊन बसल्या.

"कोणती गाडी? कोणत्या सालची? किती हात फिरली?"

"भास्कररावांनी जालन्याच्या एका माणसाकडून घेतली होती. बाकी मी काही विचारलं नाही."

"पोरीसाठी स्थळ पाह्यलं तव्हा मामाचं गाव, मावशीचं गाव, देण्याघेण्याचं, दुखण्याखुपण्याचं, सारं इचारलं ना? मंग आता तेच पोरगी पोटुशी बसणार त्या गाडीत, आन् गाडीचं काहीच इचारलं नाही?"

आपांनी चष्मा चढवला, मोबाईल काढला आणि त्या मॉडेलबद्दल लोकांनी काय काय तक्रारी केल्या आहेत ते एका बोटानं शोधून मोठ्यानं वाचायला लागल्या. कोणाचा एसी थंड करत नव्हता. कोणाच्या काचा कुरकुरत होत्या. सुनंदा घाबरली. आपा म्हणाल्या, "हे सोड. तक्रार दोन जातीची असते. एक सुखाची, एक जिवाची. सुखाच्या तक्रारी तं माह्या सांध्याच्याही लई आहेत." मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की गाडी चालू केल्यावर एअरबॅगचा लाल दिवा विझतच नाही. अशा काही गाड्या कंपनीनं परत बोलावल्या होत्या, एअरबॅगचा एक भाग फुकट बदलून देत होती. कोणत्या गाड्या, हे कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की कळणार होतं.

"लावा फोन इवायाले. नंबर मागा."

"आपा, मुलगी दिली हो त्या घरात! त्यांना वाटेल, मी त्यांच्यावर शंका घेतो."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलाकडे शिक्षक पाहतात तसं, म्हणजे रागानं नाही, बराच धीर धरून. म्हणाल्या, "मले डोहाळजेवणाचं आवतन आहे का?" आवतन होतंच. वैशाली त्यांच्या अंगणात खेळून मोठी झाली होती.

दुसरबीडला कार्यक्रम छान झाला. वैशालीला हिरवी साडी, फुलांचे दागिने. आपांनी तिची दृष्ट काढली, दोनदा जेवणाची तारीफ केली, विहीणबाईंना कढीत काय घातलं ते खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, निभावलं. अंगणात गाडी धुऊनपुसून उभी होती, तिला झेंडूचा हार घातलेला. भास्कररावांनी नारळ आणि किल्ली ताटात ठेवून आणली. मी दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात आपा गाडीत जाऊन बसल्या. "पाहू तं द्या, माही पोरगी कशात बसणार हाय." आणि लगेच, "किल्ली द्या बरं इकडे. हे टिकली कोणाची?"

स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या मधोमध, एक लाल टिकली चिकटवलेली होती. वैशाली तोंडाला पदर लावून हसली. "माहीच आहे आपा. थो लाल दिवा सारखा डोळ्यात खुपे, म्हणून झाकला."

आपांनी गाडी चालू केली आणि नखानं टिकली काढली. खालचा दिवा लखलखत होता. दिव्यात एक बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे गोल फुगा.

"ह्याचंही डोहाळजेवण आहे काय?" आपा म्हणाल्या. बायका खो खो हसल्या. हसणं ओसरलं तशा त्या गाडीतून उतरल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "भास्करभाऊ, गाडीचा चेसिस नंबर सांगा बरं."

भास्कररावांचा चेहरा ताठ झाला. ताट त्यांच्या हातातच होतं. "आपा, इवायाले शंका असन तं त्यायनं सांगावं. मी काही गाड्यांचा दलाल नाही. घरातली गाडी घरात देऊन राह्यलो."

विहीणबाई आत गेल्या. वैशाली माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला पुढची सगळी वर्षं दिसायला लागली: सासरचे टोमणे, तुटक फोन, दिवाळीला रिकामा रस्ता. मी हात जोडून म्हणालो, "नाही नाही इवाई, मले काहीच शंका नाही."

"तेच तं दुखणं आहे ह्या माणसाचं," आपा म्हणाल्या. "ह्याले काहीच शंका नाही. मी ह्याच्यासाठी इचारतच नाही, भाऊ. आजवर हे गाडी कोण चालोते? तुमचा राहुल. शेगावले याच गाडीत गेले, जालन्याले याच गाडीत जाते. गाडी इका नाहीतं इकू नका. मी तुमच्या पोरासाठी इचारून राह्यली."

आमचे जावई राहुल आतापर्यंत खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि मोबाईलमधून नंबर वाचून दाखवायला लागले. आपांनी एका बोटानं तो टाकला, चुकला, पुन्हा टाकला. मग मोबाईल भास्कररावांपुढे धरला. गाडी परत बोलावलेल्यांत होती, आणि काम अजून झालेलं नव्हतं. धडक झालीच तर एअरबॅग उघडेल याची काही खात्री नव्हती.

"मले तं कंपनीचं पत्र कधी आलंच नाही," भास्करराव हळूच म्हणाले.

"तुम्हाले कसं येईन? पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असन. तुमचा काय दोष? तुम्ही काय जाणून दिली?"

भास्कररावांनी ताट ओट्यावर ठेवलं, गाडीचा हार काढला आणि आत निघून गेले. आम्ही भाड्याच्या जीपमध्ये वैशालीला घेऊन परत निघालो. मी मनातल्या मनात व्याह्याची माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत होतो. आपा मात्र खिडकीला डोकं टेकून निवांत घोरत होत्या, याचा मला तेव्हा इतका राग आला की काय सांगू.

आठवडा गेला, दुसरबीडहून मला फोन नाही. राहुलराव वैशालीशी बोलत, पण वडलांचा विषय निघाला की "कामात आहेत" एवढंच. सुनंदानं देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि एका सकाळी तीच गाडी आमच्या गल्लीत शिरली. आमच्या फाटकावरून पुढे गेली आणि आपांच्या दारात थांबली. भास्करराव उतरले. जालन्याला जाऊन काम करून आणलं होतं, एक छदामही लागला नव्हता. दिवा विझलेला होता.

"आपा, इचारा आता काय इचाराचं ते," ते म्हणाले.

आपांनी त्यांना आधी खुर्ची दिली, चहा दिला आणि मग विचारलं. ब्रेक, टायर, पट्टे, पाणी शिरलं होतं का, ठोकली होती का. या शेवटच्या प्रश्नावर भास्करराव थांबले. "बीबी गावाजवळ एकदा मागून टेम्पो लागला होता. मागचा दरवाजा नवीन आहे. इवायानं इचारलंच नाही, मंग मी कसं सांगू? मले वाटे, याले माहीत असन."

मी कुंपणाशी उभा राहून ऐकत होतो. म्हणजे मी मान राखायला विचारत नव्हतो, आणि ते मान राखायला सांगत नव्हते! भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. आपा ओरडल्या, "हसा नंतर, आधी बोनेट उघडा!"

गाडी घेतली. नातू झाला, तोही त्याच गाडीतून घरी आला. दवाखान्यात आपांनी डॉक्टरीणबाईंना एवढं विचारलं की त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्हीच करता का बाळंतपण?" आपा म्हणाल्या, "करीन, पण मंग प्रश्न कोण इचारीन?"

मागच्या हिवाळ्यात आपा गेल्या. चार दिवस ताप, मग छाती भरली. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी नर्सला सलाईनच्या बाटलीवरची तारीख वाचायला लावली होती, आणि नर्सनं ती खरंच वाचून दाखवली. गल्ली ओस पडली हो. मी माणूस रडका नाही, पण त्या दिवशी मला आवरलं नाही.

मातीला भास्करराव दुसरबीडहून आले. कबरस्तानातून परत आल्यावर आम्ही दोघं आपांच्या ओसरीवर बसलो. ते म्हणाले, "दर शुक्रवारी फोन यायचा त्यायचा मले."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"गाडीबद्दल. 'भास्करभाऊ, गाडी कशी आहे?' मी म्हणो, आपा, गाडी तं तुमच्या शेजारी उभी राह्यते, मले काऊन इचारता? तं हसत आन् पुढं इचारत. पोरगी जेवते का टायमावर? तिच्या बी.एड.चं काय झालं? तिले दुपारी पडू देता का? खरं सांगतो इवाई, बी.एड.चं आमच्या ध्यानातच नव्हतं. त्यायनं इचारलं म्हणून आम्ही तिले परत कॉलेजात घातलं."

वैशालीचं लग्नात सुटलेलं शिक्षण पुन्हा कसं सुरू झालं हे मी तिला विचारलं नव्हतं. ती सुखात आहे का, हेही व्याह्यांना मी कधी विचारलं नव्हतं. मुलीच्या बापानं ते विचारायचं नसतं, असं मला वाटत आलं होतं.

"एकदा मी म्हटलं, आपा, हे इवाई काऊन इचारत नाही?" भास्करराव म्हणाले. "तं म्हणे, 'त्याले इचारावं वाटते भाऊ, रोज वाटते. पण थो भेते तुम्हाले.'"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, उठले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता शुक्रवारचा फोन तुम्ही करत जा," ते म्हणाले. "मी वाट पाहीन."