धपाट्यांवरची जकात

देशाचा परदेशी व्यापार कसा चालवावा हे कळणारा माणूस दिल्लीत असेल-नसेल, लातूरला तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. डाळ मिलमध्ये ते तीस वर्षं फोरमन होते. बाहेरची तूर बिनशुल्क आली की इथला भाव पडतो, पामतेल स्वस्तात उतरलं की सोयाबीनला कुणी विचारत नाही, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे ते संशयानेच बघतात. लग्नाच्या पंगतीत वरण वाढलं की बोटावर घेऊन आधी त्याचा देश ठरवतात. चाकूरच्या एका लग्नात त्यांनी वरण आफ्रिकेचं ठरवलं आणि नुसता भात खाऊन उठले. नवरीचा बाप हात जोडून सांगत होता, तूर माझ्याच रानातली आहे. काका म्हणाले, "बी कुठलं व्हतं ते बघा."

आमच्या दोन घरांत ताट-वाट्यांची ये-जा पहिल्यापासून आहे. काकू हुग्गीची खीर पाठवतात, माझी बायको धपाटे पाठवते, आणि भांडं कुणीच रिकामं परत करत नाही. गेल्या श्रावणात काकांनी महिनाभर या व्यवहारावर नजर ठेवली. आमच्याकडून त्यांच्याकडे जास्त येतं असं निघालं, म्हणजे त्यांचं घर तुटीत. त्यांचा चेहराच उतरला.

"तूट कसली? खाल्लं तर आपणच की," काकू म्हणाल्या.

अर्थशास्त्र इतकं सोपं करून मला कुणी सांगितलेलं नाही, पण काकांना ते पटलं नाही. त्यांनी दारात खुर्ची टाकली आणि आमच्या धपाट्यांवर जकात बसवली. चारांतलं एक तिथंच वसूल, शेंगाच्या चटणीसकट.

बायकोनं पंधरा दिवस सोसलं, मग पाठवणंच बंद केलं. काकूंनीही संकोचानं खीर थांबवली. व्यापार शून्यावर आला, तूटही शून्यावर आली. काका थोडे वाळले, पण समाधानी होते. "बघा, बराबर झालं का न्हाई," असं मला म्हणालेसुद्धा. दोघी बायका मात्र गच्चीवर एकमेकींची नजर चुकवून कपडे वाळत घालायच्या, ते मला बघवत नसे.

त्या थंडीत काकू न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. काकांना चहापलीकडं काही करता येत नाही. दोघं तीन दिवस चहा-टोस्टवर आहेत, हे आम्हाला चौथ्या दिवशी किराणावाल्याकडून कळलं. बायकोनं आधी मला फैलावर घेतलं, मग दोघांचं ताट भरून शेजारी गेली. काका दारातच बसले होते. ते उठले, खुर्ची भिंतीशी सरकवली आणि बाजूला झाले.

प्लास्टर निघालं, पण मनगटात पहिला जोर आला नाही. काकूंना आता परात धरवत नाही. आमच्याकडून रोज ताट जातं आणि काका ते स्वतः घासून आणून देतात. परवा रिकामं ताट पुढं करून ते दारातच थांबले.

"सूनबाई, आता आमच्याकडून कायबी यायचं न्हाई. ही तूट भरून निघायची न्हाई."

"भरा म्हणलंय कुणी, काका," असं म्हणत तिनं ताट घेतलं.

ते तरीही उभेच. मी आत पेपर धरून बसलो होतो. इतकी वर्षं मी या माणसाला हसलो, पण त्यांना असं हरलेलं बघणं मला नको होतं. पेपर उलटसुलट चाळला. शेवटी म्हणालो, "काका, अमेरिकेनं आपल्या मालावर शुल्क वाढवलंय म्हणे. आता कसं व्हायचं?"

काका आत आले, माझ्यासमोर बसले आणि जेवणवेळेपर्यंत बोलत राहिले. मी पहिल्यांदाच मधे उठलो नाही.