खिळा न मारलेली एक्केचाळीस झाडं

माळीबुवा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. नदीकाठच्या सार्वजनिक बागेत एकतीस वर्षं नोकरी केली, पण कधी साहेबांच्या पुढे पुढे केलं नाही, की कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलणं तर इतकं मोजकं की बायको म्हणायची, यांच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी अर्ज द्यावा लागतो. झाडांशी मात्र तासन्‌तास बोलायचे. असा माणूस निवृत्त झाल्यावर नदी वाचवायच्या समितीत जाईल, फलक धरून पालिकेच्या कार्यालयापुढे उभा राहील, असं कुणी आधी सांगितलं असतं तर गल्लीने त्याला वेड्यात काढलं असतं.

पण प्रश्न वाळुंजांचा होता. बागेच्या खालच्या अंगाला नदी वळण घेते, आणि त्या वळणावर माळीबुवांनी नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत वाळुंजाची एक्केचाळीस झाडं लावली होती. वाळुंज हे पाण्याकाठचंच झाड. त्याची मुळं माती अशी धरून ठेवतात की पुराच्या बापालाही ती सुटत नाही. मधल्या काळात दोन मोठे पूर आले, पलीकडचा काठ खचला, हा जागचा हलला नाही. काठामागेच खालची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी माळीबुवांचं दोन खोल्यांचं घर. आता कार्यालयाला ती झाडं काढून तिथे काँक्रीटची भिंत बांधायची होती, लोकांना फिरायला म्हणे. भिंत पात्रात सहा हात पुढे येणार होती. नदीला कोंडलं की ती कुठे शिरणार, हे कळायला काय इंजिनिअर व्हावं लागतं?

समिती होती भूगोलाच्या निवृत्त बाईंची. बाई एकदा मागे लागल्या की लागल्या. बागेतल्या शौचालयाचा पाइप फुटून दोन वर्षं थेट नदीत सांडत होता, तेव्हा बाईंनी दर सोमवारी त्या पाण्याची एक बाटली भरून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. अकराव्या बाटलीला पाइप दुरुस्त झाला. पण भिंतीचं प्रकरण बाटल्यांनी सुटणारं नव्हतं. कार्यालयाच्या नव्या यादीत त्या काठावर एकही झाड नव्हतं. नंबराची पट्टी नाही म्हणून शेरा मारला होता, ‘आपोआप उगवलेली झुडपं’. आणि झुडपं तोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

बाईंनी सहा महिने अर्जांवर अर्ज करून बागेचं जुनं रजिस्टर बाहेर काढायला लावलं आणि सुनावणी पदरात पाडून घेतली. रजिस्टरात एक्केचाळीसही झाडं होती, लावल्याच्या तारखांसकट, माळीबुवांच्या अक्षरात. समितीत आनंदीआनंद झाला. माळीबुवांनी मात्र शेवटचा रकाना पाहिला आणि पान पटकन उलटलं.

त्याचं असं होतं. नियम होता, प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर दोन इंची खिळा ठोकून पत्र्याची नंबरपट्टी बसवायची. माळीबुवांनी नोकरीत नवे असताना बागेतल्या एका जुन्या झाडाला तसा खिळा मारला होता. खिळ्याभोवती पाणी मुरलं, साल काळी पडली, झाड तीन वर्षांत आतून कुजून गेलं. त्या दिवसापासून त्यांनी खिळा हातात घेतला नाही. पट्ट्या सुतळीने बांधायच्या, दर वर्षी झाड जाडावलं की सुतळी सैल करायची, असं त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. आणि रजिस्टरात ‘खिळा ठोकून पट्टी बसवली’ या रकान्यात साहेबांची कटकट नको म्हणून लिहिलं, ‘होय’. एक्केचाळीस वेळा. त्यांच्या जागी पुढे कुणी आलंच नाही, नुसतं गवत कापायचं कंत्राट निघालं. सुतळ्या कुजल्या, पट्ट्या गळून पडल्या, कुणाला पत्ताही लागला नाही.

हे बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही? पण नाही सांगितलं. इतक्या पानांत तो रकाना कोण बघतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बायकोने दोनदा विचारलं, अहो, जेवण का जात नाही? तर म्हणाले, ऊन लागलंय.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, तो चालत नव्हता. साहेब तसे वाईट नव्हते. सगळं शांतपणे वाचणारा माणूस, आणि तेच अंगाशी आलं. त्यांनी आदल्या दिवशी माणूस पाठवून एक्केचाळीसही बुंधे तपासून घेतले होते.

"खिळा एकदा मारला की झाडावर खूण राहते," साहेब म्हणाले. "यातल्या एकावरही नाही. म्हणजे रजिस्टरातली झाडं मेली, ही नंतर उगवली. बरोबर?"

बाई माळीबुवांकडे बघत राहिल्या. गप्प बसावं तर झाडं जात होती.

"साहेब, झाडं तीच आहेत. खिळे मी मारले नव्हते. पट्ट्या सुतळीने बांधल्या होत्या."

"मग इथे ‘होय’ कुणी लिहिलं?"

"मीच."

"ज्या रजिस्टरात एक रकाना खोटा, त्याचा दुसरा खरा कसा धरू?"

साहेबांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं.

बाहेर जिन्यावर बाई आवाज न चढवता बोलल्या. "काल सांगितलं असतंत तर मी ते रजिस्टर पुढेच केलं नसतं. दुसरा पुरावा शोधला असता." एवढं म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या. आयुष्यात माळीबुवांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आठवड्याने तोडणारे आले. मुकादमाचा बेत सोपा होता, यंत्राने मुळासकट उपटायचं आणि काठावर ओढून घ्यायचं. माळीबुवा धावतच काठावर गेले. मुळं उपटलीत तर काठ यंदाच्याच पावसात गल्लीत येईल, बुंध्याशी कापा, मुळं राहू द्या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मुकादम म्हणाला, कापायला माझी हरकत नाही, पण झाड काठाला धरूनच पडलं पाहिजे, पाण्यात पडलेलं ओढून काढणार कोण? ते जमवायचं कसं? तुम्ही लावलीत ना, मग तुम्हीच उभं राहून दाखवा. एक जरी पाण्यात गेलं तर मी यंत्र लावणार.

मग काय करणार? कुठलं झाड कुठे झुकतं, कुणाचा भार कुठल्या फांदीवर आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते एकेका झाडापुढे उभे राहिले आणि हात वर करून दिशा दाखवू लागले. बघणारे जमले. समितीतला औषधवाला मोठ्याने म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. माळीबुवांनी ऐकलं, पण मान वळवली नाही.

सतराव्या झाडाला करवत लागली तेव्हा बाई पुलावर आल्या. कठड्याशी थांबून त्यांनी खाली पाहिलं, पडलेली झाडं, मुकादम, आणि त्याच्या शेजारी हात वर करून उभे असलेले माळीबुवा. त्यांना हाक मारून सगळं सांगावं असं माळीबुवांना फार वाटलं. पण झाड करकरायला लागलं होतं, आणि त्याचा कल पाण्याकडे होता. बाई वळून चालू लागल्या.

"अजून थोडं डावीकडे," माळीबुवा मुकादमाला म्हणाले.