'येड्यांची शाळा' म्हणणारा आज आमच्याच दारात

मंडळी, दौंडच्या सायबर कॅफेतून लिहितेय. राग अजून उतरलेला नाही.

आमच्या राहू गावात आम्ही काही बायका दर रविवारी समाजमंदिरात बसतो. कुणाला झोप लागत नाही, कुणाला जगावंसं वाटत नाही, ते एकमेकींना सांगतो. गावातल्या भाऊसाहेबानं आमचं नाव 'येड्यांची शाळा' पाडलं. लोक हसायला लागले, तशी शालनच्या सासूनं तिला पाठवणंच बंद केलं. घरात एकटी पडलेल्या शालननं जीव द्यायचा प्रयत्न केला. नशीब, वाचली.

आज तोच भाऊसाहेब बायकोला घेऊन आला. बाळंतपणापासून ती बोलत नाही, बाळाला जवळ घेत नाही.

"ताई, हिला बसवून घ्या," तो खाली बघत म्हणाला.

वहिनींना मी हात धरून आत नेलं. त्याला दारातच अडवलं.

"आता जाऊन शालनला घेऊन या."

"मी? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही शिकवलंय तेच म्हणतील."

तो निघाला. मी मुद्दाम मागोमाग गेले. शालनच्या सासूपुढं त्यानं हात जोडले. "आत्या, चूक माझी हाय. माझी बायकोबी तिथंच बसलीय." खरं सांगते, ऐकून फार बरं वाटलं.

शालन आली आन् वहिनींना बिलगून बसली. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"झालं ना ताई आता?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पुढच्या रविवारीबी तुम्हीच आणायचं तिला. गावातनं, चालत."

बाकीच्या म्हणतात, माफ करून टाक. तुम्ही केलं असतं?