इंजिन उजवीकडे दोन अंश

आमचे मिस्त्री एक डोळा मिटून बघायला लागले, की समोरची वस्तू वाकडी आहे असं समजायचं. हिंगण्याच्या कारखान्यात वीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या लेथवर होतो. माझं एकही काम त्यांना सरळ दिसलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. यांनी कळमेश्वर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांना बसता येईल असं विमान बांधलं. परवानगीचे कागद विमानापेक्षा जड झाले, पण झाले. डॉक्टरांनी मात्र हृदयामुळे यांना वर जायला मनाई केली. म्हणून चालवायला एक निवृत्त वैमानिक आले.

पहिल्याच दिवशी शेडमागच्या कच्च्या धावपट्टीवर विमान धावलं आणि डावीकडे नाक वळवून शेजारच्या तुरीत शिरलं. वैमानिक म्हणाले, "पंख्याच्या हवेनं असं होतंच. शेपटीच्या सुकाणूला छोटी पट्टी लावा, जरा वाकवा, झालं."

"पट्टी काहून?" हे भडकले. "पोट दुखून राहिलं अन् मलम डोक्याले लावता? मी इंजिनच उजवीकडे तिरपं बसवतो."

जन्मभर आमचं वाकडं काढणारा माणूस आता मुद्दाम इंजिन वाकडं बसवणार! मी हसलो. त्यांनी एक डोळा मिटला. मी सरळ उभा राहिलो.

इंजिन ज्या सांगाड्यावर बसतं, तो त्यांनी तीन महिने खपून नवा केला. दोन अंश उजवीकडे, केसभरही जास्त नाही. विमान नाकासमोर धावलं, उडालं. यांची मान तर त्याहून वर गेली.

वैमानिक उतरले ते पाय चोळतच. "चढताना अगदी सरळ. पण वर जाऊन इंजिनाचा जोर कमी केला, की पंख्याच्या हवेचा धक्का घटतो, इंजिन मात्र तिरपंच, म्हणून नाक उजवीकडे. सगळा वेळ डावा पाय दाबून बसलो."

दोन दिवस यांनी शेडचं दार आतून लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर सुकाणूला पट्टी लागलेली.

"मलम लावलं वाटतं?"

"बायकोनं लावलं," ते म्हणाले.

"मी हात बी नाही लावला गा," वहिनी आतून ओरडल्या.

त्या दिवशी विमान चढतानाही सरळ गेलं आणि नंतरही. हे खालून बघत राहिले. बराच वेळ एका शब्दानं कोणाला काही शिकवलं नाही. आम्हालाच काळजी वाटली.

त्या हिवाळ्यात ते गेले. महिन्याभराने वैमानिकांनी वहिनींना मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणली. उतरल्यावर मी विचारलं, "भीती वाटली का?"

"नाही गा," पदर सारखा करत त्या म्हणाल्या. "वरून शेड एवढुसं दिसते. त्याच्यात एवढा मोठा माणूस मावत होता कसा?"