झुल्यावरून पडले तेव्हा

नातीने कॅरमवर पावडर टाकली आणि माझे तळवे आपोआप एकमेकांवर घासले गेले. सर्कशीत झुल्यावर जाण्याआधी मी अशीच पावडर चोळायची.

त्या वर्षी बोंडअळीने पुन्हा कपाशी खाल्ली होती. अकोल्याच्या तंबूत जेमतेम वीस माणसं होती. माझा हात सुटला आणि मी जाळीत पडले. आमच्यात पडलेल्याने लगेच परत वर चढायचं असतं. मी दोराची शिडी धरली, तोच पुढच्या बाकावरचे एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले, "राहू दे बाई, आमी पाहून घेतलं."

"बसा बाबा," मी म्हटलं. "यंदा नुसतं पडलेलंच पाहून राहिले तुमी. आता चढतानी पाहून जा."

ते बसले आणि मी चढले.

प्रेक्षकांशी असं बोलतात का, म्हणून मालक रागावले. तेव्हा मी मान खाली घातली होती. आज घालणार नाही.